काचेवरचा चंद्र

जपूनराव हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने अगदी नेमकं ठेवलं. दार लावताना जपून, चहा ओतताना जपून, जिना उतरणाऱ्या अनोळखी माणसालाही मागून 'जपून हं'. मुलगी झाली तेव्हा नर्सने ते इवलंसं गाठोडं पुढे केलं, तर हे नर्सलाच म्हणाले, "जपून!" आणि दोन पावलं मागे सरकले. मुलीला पहिल्यांदा हातात घ्यायला त्यांना आठवडा लागला. बायको हे अजून चारचौघांत सांगते आणि तेही मान खाली घालून हसतात.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. जपूनरावांच्या पाठी एकच राक्षस असता तर निभावलं असतं. त्यांना घरमालकाच्या चपलांच्या आवाजाची भीती, सरकारी लिफाफ्यांची भीती, फोन वाजला तर वाजला म्हणून भीती आणि बराच वेळ वाजला नाही तर का वाजला नाही म्हणून भीती. भांडण तर दूरच, दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी ते मूग गिळून घरी यायचे.

पण गंमत अशी, की या भित्रेपणावरच त्यांचं पोट चालायचं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक दुकान होतं, तिथे ते नोकरीला होते. तिथे जुनी कॉमिक्स यायची. माळ्यावरच्या ट्रंकांतून, मेलेल्या काकांच्या कपाटांतून, लग्न होऊन गेलेल्या मुलांच्या खाटांखालून. मग इंटरनेटवर त्यांचा लिलाव व्हायचा. घेणारा माणूस कुठल्या कुठे बसलेला. त्याला ना पान उलटून बघता येत, ना वास घेता येत. त्याच्या हाती फक्त दोन गोष्टी: फोटो आणि फोटोखालचा तपशील. ही दोन्ही कामं जपूनरावांची. पिनेचा गंज पानावर उतरलाय का, आतलं कुपन कुणी कात्रीने कापलंय का, घडीवरची पांढरी रेघ कुणी स्केचपेनने रंगवून लपवलीय का, हे त्यांना पहिल्या नजरेत दिसायचं. तुम्ही-आम्ही चित्र बघू. घाबरट माणसाला आधी दोष दिसतो.

हे काम त्यांना थोरल्या मालकांनी शिकवलं. थोरल्या मालकांची पद्धत जगावेगळी होती. कॅमेरा वर स्टँडला उलटा टांगलेला, दोन बाजूंना दोन दिवे, आणि खाली काळ्या कापडावर पुस्तक. जुनं पुस्तक सपाट राहत नाही, हट्टी मुलासारखं उठून बसतं. मग थोरले मालक दोन्ही हातांचे अंगठे पुस्तकाच्या खालच्या कडेवर हलकेच टेकवायचे आणि पायाने बटण दाबून फोटो काढायचे. त्यामुळे दुकानाच्या प्रत्येक फोटोत खाली दोन अंगठ्यांची नखं दिसायची. जुनी गिऱ्हाइकं त्या नखांवरून दुकान ओळखत. "काच ठेवायची नाही," थोरले मालक म्हणायचे. "हाताला कळतं कागद काय म्हणतोय ते. काच बहिरी असते." शेवटचा फोटो नेहमी एकच दिवा बाजूला आडवा धरून काढायचा. त्या तिरक्या उजेडात कागदावरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो, काही लपत नाही.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी दुकान बघू लागली. जपूनरावांपेक्षा वयाने बरीच लहान, पण ते तिला ताई म्हणायचे आणि ती त्यांना काका. ताई हुशार होती, कामाला वाघ होती, आणि वाईट तर मुळीच नव्हती. फक्त तिला घाई होती.

"काका, हे अंगठे कशाला? लोक हसतात आपल्याला," ती म्हणाली. आणि तिरक्या उजेडातला फोटो बघून म्हणाली, "आपण विकायला बसलोय की पंचनामा करायला?"

तिरका दिवा माळ्यावर गेला. अंगठ्यांच्या जागी एक जाड, सुंदर, चमक न मारणारी काच आली. जपूनरावांच्या ओठांवर 'ताई, काच नको' हे शब्द आले होते. मी सांगतो, अगदी ओठांवर आले होते. पण ताई मोठ्या हौसेने काचेवरचा कागद सोडवत होती, आणि हे म्हणाले, "छान आहे. जपून वापरू."

त्यांच्या आयुष्यातली सगळी संकटं अशीच यायची, न बोललेल्या वाक्याच्या पाठोपाठ.

काही दिवसांनी ताईने घरून एक पुस्तक आणलं. काळ्या टोपीवाल्याची पहिली चित्रकथा. जपूनरावांनी ते लगेच ओळखलं. थोरल्या मालकांनी ते कधीच विकायला काढलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी ह्याच पुस्तकावर जपूनरावांना अंगठे कसे टेकवायचे ते शिकवलं होतं. मुखपृष्ठावर निळी-काळी रात्र, गिरणीच्या धुराड्यावर उभा टोपीवाला, आणि उजव्या कोपऱ्यात पिवळाधमक चंद्र.

"बाबांची आठवण म्हणून कपाटात ठेवून काय करू?" ताई म्हणाली. "ज्याला हवंय त्याच्याकडे जाऊ दे. फोटो मात्र असा काढा, काका, की बघणाऱ्याने बघतच राहावं."

जपूनरावांनी तसाच काढला. दिवे नीट लावले, पुस्तकावर काच ठेवली, आणि उजेड मनासारखा होईपर्यंत दिवे मागेपुढे करत राहिले. त्या दिवशी हवा दमट होती आणि दिव्यांखाली काच चांगलीच तापली होती. फोटो इतका स्वच्छ आला, की छपाईचा एकेक ठिपका मोजून घ्यावा. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला तो सर्वांत चांगला फोटो होता.

मग त्यांनी काच उचलली. जखमेवरची पट्टी सोडवताना येतो तसा, अगदी हलका आवाज आला.

चंद्र काचेला चिकटून वर आला होता. जुन्या छपाईची ती जाड पिवळी शाई उबेने सैल झाली होती, आणि काचेने तिला धरलं होतं. मुखपृष्ठावर चंद्राच्या जागी खरबरीत पांढुरका कागद उरला होता आणि तळाशी एक पिवळी कोर. टोपीवाला मान वर करून त्या भोकाकडे बघत होता.

जपूनरावांची पाचावर धारण बसली. पलीकडच्या खोलीत ताई फोनवर हसत होती, आणि ते हसणं त्यांना फार लांबून आल्यासारखं वाटलं. त्यांनी पुस्तक प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलं, पाकीट कप्प्यात ठेवलं. काच टॉवेलात गुंडाळून कपाटामागे उभी केली. पुसायला कापड हातात घेतलं होतं, पण पुसवेना. घरी जाताना त्यांना जिन्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ह्यांच्या तर कपाटामागे अख्खा चंद्र होता.

फोटो लिलावात लागला. खाली त्यांनीच फोटोआधी लिहून ठेवलेला तपशील, ताईने परस्पर चिकटवलेला: 'मुखपृष्ठाचे रंग ताजे, छपाई पूर्ण.' बोली चढू लागली. आज सांगू, असं ते रोज घरून ठरवून निघत. दुकानाच्या दाराशी आले की जीभ टाळ्याला चिकटे.

"तोंड का उतरलंय?" बायकोने विचारलं. "जेवणावर वासना नाही, काही नाही."

"समजा," ते ताटाकडे बघत म्हणाले, "एखाद्या माणसाच्या हातून एखादी वस्तू खराब झाली..."

"समजा म्हणजे तुमच्याच हातून. पुढे?"

"आणि तो माणूस बोललाच नाही..."

बायकोने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अहो, सांगून टाका. फार तर काय करतील, काढून टाकतील. इथे असे कुढत बसलात तर मला न विचारता वर जाल, त्याचं काय?"

ते हसले नाहीत. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती, आणि ती त्यांना बायकोलाही सांगता येईना. इतकी वर्षं माणसं न बघता विकत घेत होती, ती त्यांच्या शब्दावर. त्यांच्याजवळ स्वतःचं असं एवढंच होतं.

आणि मग खरं पाप घडलं. पहिलं झालं तो अपघात होता, दुसरं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की उजव्या वरच्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो हवा. ताई दारातून म्हणाली, "काका, तेवढा काढून पाठवा ना."

आता तरी सांग, असं जपूनरावांचं मन म्हणत होतं. हात मात्र संगणकावर चालत होते. त्यांनी पहिल्याच फोटोतला कोपरा कापला, मोठा केला आणि पाठवून दिला. फोटो इतका चांगला होता, की मोठा केल्यावरही कुठे फाटला नाही. काचेवर निघून गेलेला चंद्र पडद्यावर लखलखत होता. गिऱ्हाईक खूश झालं, बोली आणखी चढली. जपूनराव मोरीत गेले आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं टाळलं.

लिलावाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मास्तरांचा फोन आला.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, दुकानाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. पन्नाशीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. लहानपणी वाचलेली कॉमिक्स ते आता एकेक करून गोळा करत होते. फोटो त्यांच्या काय कामाचे? बोली त्यांची सून लावायची. पण त्याआधी मास्तर स्वतः फोन करायचे आणि जपूनरावांकडून तपशील ऐकायचे. टोपी तिरकी आहे ना, धूर कुठल्या बाजूला चाललाय, असं सगळं विचारायचे आणि गप्प बसून बघायचे. हो, बघायचेच.

फोन ताईनेच उचलला, हसत दोन शब्द बोलली आणि फोन जपूनरावांच्या हातात देऊन समोरच्याच खुर्चीवर पार्सलं बांधायला बसली.

"राव, हे पुस्तक माझ्याकडे होतं," मास्तर म्हणाले. "थोरल्या भावाने ते देऊन त्याच्या बदल्यात भोवरा आणला. साठ वर्षं मी त्याला माफ केलं नाही. सांगा, सावकाश सांगा."

जपूनरावांनी समोरचा तपशिलाचा कागद धरला. "मुखपृष्ठ," ते म्हणाले. "रात्र आहे. धुराडं आहे. टोपीवाला उभा आहे."

"आणि चंद्र?"

'रंग ताजे, छपाई पूर्ण.' चार शब्द. तेवढे वाचले की सुटका होती. संध्याकाळी लिलाव संपेल, पार्सल जाईल, आणि आंधळ्या माणसाला काय कळणार? हा विचार मनात आला आणि जपूनरावांना स्वतःचीच भीती वाटली. आजवर ज्या ज्या गोष्टींना ते घाबरले होते, त्या सगळ्यांपेक्षा जास्त.

"राव? फोन कटला का?"

"मास्तर," त्यांची बोबडी वळत होती, "चंद्र नाही. माझ्या हातून गेला. काच ठेवली होती, उचलताना शाई निघाली. फोटो आधीचा आहे. फोटो खोटा आहे, मास्तर. म्हणजे काढला तेव्हा खरा होता."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. ताई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

"पूर्ण गेला?" मास्तरांनी विचारलं.

"खालची कोर राहिलीय. बाकी नुसता कागद. खरबरीत."

"बरं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग जपूनरावांनी कपाटामागून टॉवेल काढला आणि काच ताईच्या समोर ठेवली. काचेवर चंद्र उलटा चिकटलेला होता, चांगला पिवळाधमक. ताईने तो बघितला. मग पाकिटातलं पुस्तक बघितलं.

"आणि तो कोपऱ्याचा फोटो?" तिचा आवाज फार हळू होता.

"आधीच्यातलाच कापला."

"काका, शाई निघणं मी समजू शकते. काच तर मीच आणली." तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला राग येत होता. "पण माझ्या बाबांच्या पुस्तकावर तुम्ही खोटा फोटो पाठवलात. तुम्ही! घरी जा."

उद्या या, की येऊच नका, ते तिने सांगितलं नाही. ते विचारायची हिंमत जपूनरावांत नव्हती. होती नव्हती ती सगळी फोनवर संपली होती.

पुढचे दिवस त्यांनी घरात कसे काढले ते बायकोला विचारा. फोन वाजला की ते बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. ताईने लिलाव थांबवून बोली लावणाऱ्या सगळ्यांना खरं कळवलं, नवा फोटो लावला आणि ज्याला मागे घ्यायचंय त्याने बोली मागे घ्यावी असं लिहिलं, एवढं त्यांना कळलं होतं. बहुतेकांनी घेतली. मोठ्या गिऱ्हाइकाने तर चार खरमरीत शब्दही ऐकवले होते. मास्तरांच्या सुनेने बोली मागे घेतली नाही. पुस्तक मास्तरांकडे गेलं.

मग एका सकाळी फोन ताईचाच होता. "मास्तरांना तुमच्याशी बोलायचंय. माझ्याशी बोलायला तयार नाहीत. येता का?"

तक्रार, दुसरं काय असणार. जपूनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फाशी जाणाऱ्यालाही नीट कपडे लागतात. दुकानात ताईने फोन टेबलावर मधोमध ठेवला होता, दोघांनाही ऐकू येईल असा.

"राव," मास्तर म्हणाले, "तुमचा चंद्र सापडला. अगदी तुम्ही सांगितला तिथे. बोटाला कागद लागतो, मग खाली कोर गुळगुळीत. आजवर तुम्ही सांगायचात ते मला दिसायचं. हे एवढंच मी माझं मी बघितलं."

जपूनराव खुर्चीत टेकले.

"पण तुमच्या तपशिलात एक गोष्ट नाही."

झालं. "का... काय, मास्तर?"

"घाबरू नका, मी सांगतो. खालच्या कडेला, डावीकडे आणि उजवीकडे, कागद दबलाय. दोन खळगे आहेत. अंगठा ठेवला तर बरोबर बसतो. हे काय आहे?"

जपूनरावांनी माळ्याकडे बघितलं. तिरका दिवा माळ्यावर गेला नसता, तर हे फोटोत दिसलं असतं.

"ते थोरल्या मालकांचे अंगठे आहेत," ते म्हणाले. "पुस्तक विकायचं नव्हतं. पण नवा दिवा आला, नवा कॅमेरा आला, की आधी ह्याच पुस्तकाचा फोटो काढून बघायचे. वर्षानुवर्षं. त्यात थोडे माझेही असतील. त्यांनी मला त्याच्यावरच शिकवलं."

"मग हे लिहायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "हा दोष नाही, राव." आणि निरोप घेऊन त्यांनी फोन ठेवला.

ताई टेबलाकडे बघत बसली होती. "इतकी वर्षं कपाटात होतं," ती म्हणाली. "मी पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही. आणि पाठवून दिलं."

जपूनरावांना अशा वेळी काय बोलायचं ते कधीच सुचत नसे. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"कसे धरायचे बाबा?" ताईने विचारलं. "मला दाखवा."

कप्प्यात पुढच्या लिलावाचं एक जुनं पुस्तक होतं. जपूनरावांनी ते काळ्या कापडावर ठेवलं. पुस्तक उठून बसलं. ताईने दोन्ही हात पुढे केले, पण अंगठे कागदापासून वीतभर अंतरावर थांबले. "फाटलं तर?" ती म्हणाली.

जपूनरावांनी तोंड उघडलं. आयुष्यभर जो शब्द त्यांच्या तोंडी आपोआप यायचा तो आलाही होता. पण त्यांनी तो परत गिळला, तिचे अंगठे आपल्या हातात धरले आणि हलकेच कडेवर टेकवले.

"घाबरू नका, ताई," ते म्हणाले, आणि पायाने बटण दाबलं.